वर्गणी कोणास द्यावी ?

निवडणुकीची तारीख जाहीर झाली कीं गांवोगांव दोन प्रकारचे पाहुणे येऊं लागतात. एक मत मागतो. दुसरा मत आणि पैसा दोन्ही मागतो. मत कोणास द्यावें यावर पारावर रात्र रात्र खल होतो. पैसा कोणास द्यावा याचा विचार मात्र कोणी करीत नाहीं. 'आपल्या जातीचा आहे', 'मोठा माणूस दारीं आला', 'उद्यां काम पडेल', एवढ्यावर नोट हातांतून सुटते. जो कुणबी बैल घेतांना त्याचे दांत मोजतो, तो पुढाऱ्यास पैसा देतांना त्याचें तोंडही नीट पाहात नाहीं !

आम्ही शाळामास्तर. आमच्यासारख्या नोकरानें राजकीय चळवळीस वर्गणी देऊं नये असा नियम आहे. तेव्हां आम्ही कोणाच्या पेटींत पैसा टाकीत नाहीं व कोणासाठीं मागतही नाहीं. पण पोरांना जमाखर्च शिकविणें हा आमचा धंदा आहे, आणि जें पोरांना शिकवितों तें त्यांच्या बापांस सांगावयास कोणाची आडकाठी नसावी.

पहिला प्रश्न हा कीं, मागणाऱ्याचे दुसरे धनी कोण ? २०१८ सालीं सरकारनें निवडणूक रोख्यांची योजना काढली. हजारापासून एक कोटीपर्यंतचे रोखे स्टेट बँकेंतून घ्यावे, पक्षास द्यावे, आणि देणाऱ्याचें नांव जनतेस कळूं नये, अशी ती सोय होती. सर्वोच्च न्यायालयानें १५ फेब्रुवारी २०२४ रोजीं ती घटनाबाह्य ठरविली. मग मार्च महिन्यांत याद्या बाहेर आल्या, तेव्हां दिसलें काय ? बहुतेक सारी रक्कम एक कोटीच्या रोख्यांची ! हजाराचा रोखा घेणाऱ्या गरिबासाठीं हें दुकान मांडलेंच नव्हतें. ज्याच्या पदरांत कोटीचा रोखा पडला, तो तुमच्या पन्नास रुपयांस कितीसें स्मरेल ? आणि बंधाऱ्याचें पाणी शेताला कीं कारखान्याला, असा प्रश्न निघाला म्हणजे तो कोणाकडे पाहील ?

दुसरा प्रश्न, त्याचें प्रतिज्ञापत्र काय बोलतें ? २००२ व २००३ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांमुळें प्रत्येक उमेदवारास आपली मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि फौजदारी खटले अर्जाबरोबर लिहून द्यावे लागतात. तें पत्र कोणासही पाहावयास मिळतें. घरांतल्या शिकलेल्या मुलीकडून तें वाचवून घ्या. ज्याच्या मालमत्तेचीं पानें उलटतां उलटत नाहींत, त्यास तुमच्या मजुरीचा पैसा कशास पाहिजे ?

तिसरा प्रश्न हिशेबाचा. उमेदवारानें खर्चाचा रोजचा हिशेब ठेवून निकालापासून तीस दिवसांत सादर करावा, असा कायदा आहे. आणि एक रुपया फी भरून तो हिशेब कोणीही पाहूं शकतो. एक रुपया ! पण तेवढ्यासाठीं जिल्ह्याच्या कचेरींत जाणारे आमच्यांत किती निघतील ? जो पावती देत नाहीं, जो 'पावती कशाला, आपण घरचेच' म्हणतो, त्यास एक पैही देऊं नका. उसाच्या बिलांतून परस्पर कापलेली रक्कम म्हणजे देणगी नव्हे. ती खंडणी होय. हिशेब न विचारतां दक्षिणा देण्याची खोड आमच्या वाडवडिलांना जडविली होती. ती देवळांतून काढून पुढाऱ्याच्या बंगल्यावर नेली, तर सुधारणा ती काय झाली ?

कोणी म्हणतील, 'गरिबाच्या पन्नास रुपयांनीं काय होणार ?' गणितच करूं. विधानसभेच्या उमेदवारास आमच्या राज्यांत ४० लाखांपर्यंत खर्चाची मुभा आहे. पन्नास रुपयांप्रमाणें ८० हजार घरें लागतील. तें साधणार नाहीं, हें कबूल. पण अनामत रक्कम १० हजार आहे, व अनुसूचित जाति-जमातींच्या उमेदवारास ५ हजार. दोनशें घरांनीं पन्नास पन्नास दिले कीं अनामत भरली ! हातपत्रकें, सायकलीची दुरुस्ती, एस. टी. चें भाडें, हींही अशींच निघतात. जिल्हा परिषद व पंचायत समितीच्या निवडणुकींत तर थोडक्या पैशाचें वजन याहून अधिक. शाळेचें छप्पर आणि दवाखान्याचें औषध बहुधा तेथेंच अडतें. म्हणून पैसा द्यावयाचा तर जेथें तो उपयोगीं पडेल तेथें द्या, आणि आधीं द्या. निकालानंतर हार घेऊन धांवणें ही देणगी नव्हे, ती खुशामत.

मात्र एक गोष्ट विसरूं नका. ज्या हातानें वर्गणी द्यावयाची, त्याच हातानें मताची नोट घ्यावयाची नाहीं. पांचशें घेऊन मत विकणाऱ्यास हिशेब मागण्याचा अधिकार राहात नाहीं. त्याचा हिशेब तेव्हांच चुकता झालेला असतो.

बंधूंनो, भगिनींनो ! यंदां दारीं कोणी आला तर तीन गोष्टी मागा : प्रतिज्ञापत्र, पावती, हिशेब. तिन्ही देईल तो कोणत्याही जातीचा असो, त्यास आनंदानें द्या. न देईल तो सख्खा भाऊबंद असला तरी चहा पाजून परत पाठवा.