सरांचं लॉगिन अडलं की पोरांचा निकाल अडतो

कुरुळी (ता. खेड) : पुणे-नाशिक महामार्गावर मोशी सोडून इंद्रायणी ओलांडली की चिंबळी, कुरुळी आणि पुढं चाकण. या पट्ट्यात कंपनीत कामाला जाणारं माणूस घरोघरी सापडतं. त्यातल्या कुणालाही विचारा, लाइनवरचा कॉम्प्युटर बंद पडला तर काय होतं? सुपरवायझर फोन करतो, आयटीवाला येतो आणि काम सुरू होईपर्यंत तिथून हलत नाही. लाइन थांबली तर नुकसान किती, हे सगळ्यांना माहीत असतं.

याच गावांतली मुलं-मुली चाकण, राजगुरुनगर, आळंदी, भोसरीच्या कॉलेजांत शिकायला जातात. तिथं प्राध्यापकाचं लॉगिन चालेना, गुण भरताना पान अडकलं किंवा इंटरनेट गेलं, तर कोण येतं? हा प्रश्न आजवर गावात कुणी फारसा विचारलेला नाही. पण निकाल, मार्कशीट आणि पुढचा प्रवेश आता या प्रश्नावर येऊन अडतो.

खडू-फळ्याचं काम आता पडद्यावर

कुरुळी परिसरातली बहुतेक पारंपरिक कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला जोडलेली आहेत. १९४९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचा कारभार पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक अशा तीन जिल्ह्यांवर पसरला आहे. एवढ्या पसाऱ्यात परीक्षेचा फॉर्म, हॉल तिकीट, अंतर्गत गुण आणि निकाल हे सगळं ऑनलाइन होणं साहजिक आहे. कागदाचे गठ्ठे घेऊन गणेशखिंडीच्या चकरा मारण्यापेक्षा ते बरंच आहे.

२०२४-२५ पासून राज्यातल्या संलग्न कॉलेजांत पदवीला नवं शैक्षणिक धोरण लागू झालं आणि या कामात भर पडली. आता पदवी क्रेडिटवर मोजली जाते. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट लागतात. मुख्य विषयासोबत दुय्यम विषय, कौशल्याचा विषय, भारतीय ज्ञान प्रणाली, प्रत्यक्ष कामाचा अनुभव असे बरेच भाग आले. प्रत्येक भागाचे गुण वेगळे आणि ते दर सेमिस्टरला पोर्टलवर भरायचे. ही क्रेडिट शेवटी विद्यार्थ्याच्या ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात जमा होतात. केंद्र सरकारनं ही योजना २९ जुलै २०२१ ला सुरू केली. विद्यार्थ्याला आपलं खातं डिजीलॉकरमध्ये दिसतं, पण त्यात क्रेडिट तो स्वतः भरू शकत नाही. ते काम कॉलेज आणि विद्यापीठाचं.

म्हणजे मुलगी अभ्यास करून पास झाली, तरी तिच्या सरांनी किंवा मॅडमनी भरलेला एक आकडा चुकला, तर कागदावर ती नापास किंवा गैरहजर दिसू शकते.

मुंबईत काय घडलं होतं

मशीन आलं पण मशीन वापरणाऱ्या प्राध्यापकाला हाताशी माणूस मिळाला नाही, तर काय होतं? याचं राज्यातलं मोठं उदाहरण २०१७ चं मुंबई विद्यापीठ आहे.

त्या वर्षी मुंबई विद्यापीठानं सगळ्या उत्तरपत्रिका स्कॅन करून कॉम्प्युटरच्या पडद्यावर तपासायचं ठरवलं. हेतू चांगला होता. पेपर वाहून न्यायला नकोत, बेरजेच्या चुका नकोत, पेपर कुणाचा ते तपासणाऱ्याला कळायला नको. पण हे काम बाहेरच्या कंपनीला दिलं गेलं, तोवर उन्हाळी परीक्षा सुरूही झाल्या होत्या. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका होत्या. त्या स्कॅन करायच्या, बारकोड जुळवायचा, प्राध्यापकांना लॉगिन द्यायचं, तपासणी केंद्रावर बसवून शिकवायचं, हे सगळं एकाच वेळी सुरू झालं.

मग तक्रारींचा पाऊस पडला. लॉगिन होत नाही, सर्व्हर हळू चालतो, पान नीट दिसत नाही, दुसऱ्याच विषयाचा पेपर समोर येतो, पुरवणी सापडत नाही. आयुष्यभर लाल पेनानं पेपर तपासलेल्या प्राध्यापकाला धड सराव करायलाही वेळ मिळाला नव्हता.

राज्यपालांनी, म्हणजे कुलपतींनी, ३१ जुलैची मुदत दिली. ती हुकली. कायद्याप्रमाणे परीक्षा संपल्यावर ३० दिवसांत आणि फार तर ४५ दिवसांत निकाल लागायला हवा. इथं सप्टेंबर उजाडला तरी काही निकाल बाकी होते. परदेशी प्रवेश मिळालेल्या आणि नोकरीसाठी मार्कशीट हवी असलेल्या मुलांची तारांबळ उडाली. ऑगस्टमध्ये कुलगुरू संजय देशमुख यांना रजेवर पाठवण्यात आलं आणि २४ ऑक्टोबर २०१७ ला पदावरून दूर करण्यात आलं.

या गोष्टीचा एक भाग लोक विसरतात. पडद्यावरची तपासणी मुंबई विद्यापीठानं पुढंही चालू ठेवली. म्हणजे पद्धत मुळात टाकाऊ नव्हती. आधी तयारी, आधी सराव आणि अडलं तर लगेच मदत, या तिन्ही गोष्टींत काटकसर झाली आणि तिचा हिशोब विद्यार्थ्यांनी चुकता केला.

मदत म्हणजे नेमकं काय

'आयटी सपोर्ट' म्हटलं की प्रिंटर दुरुस्त करणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. प्राध्यापकाला लागणारी मदत त्याहून मोठी असते. संस्थेचा अधिकृत ईमेल आणि लॉगिन, पासवर्ड विसरला तर तो त्याच दिवशी परत मिळण्याची सोय, नवं पोर्टल आलं की परीक्षेआधी प्रशिक्षण, गुण भरायच्या आठवड्यात उचलला जाणारा फोन आणि भरलेल्या माहितीचा बॅकअप, एवढं तरी त्यात यायला हवं.

आयआयटी मुंबईसारख्या संस्थेत यासाठी स्वतंत्र कॉम्प्युटर सेंटर आहे. नेटवर्क, ईमेल, खाती, तक्रारी सगळं तिथून चालतं. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेनं १९८३ साली 'अथेना' नावाचा प्रकल्प सुरू केला आणि सगळ्या कॅम्पसवर कॉम्प्युटरचं जाळं विणलं. त्यात अडलेल्या माणसानं बसल्या जागेवरून कॉम्प्युटरवरच प्रश्न पाठवायचा आणि जाणकारानं उत्तर द्यायचं, अशी सोयही होती. मशीन द्यायचं तर सोबत उत्तर देणारा माणूसही द्यायचा, ही समज चाळीस वर्षांपूर्वीची आहे.

पुण्याला तर कॉम्प्युटर नवा नाही. देशाचा पहिला सुपरकॉम्प्युटर 'परम ८०००' पुण्याच्या सी-डॅकनं १९९१ साली तयार केला. शहरात हे ज्ञान भरपूर आहे. ते तालुक्याच्या कॉलेजातल्या स्टाफरूमपर्यंत पोचवणारी साखळी मात्र कच्ची आहे.

तालुक्याच्या कॉलेजात अडचण कुठं

मोठ्या विद्यापीठाच्या आवारात एखादा विभाग अडला तर शेजारी दुसरा असतो. तालुक्याच्या कॉलेजात बऱ्याचदा कॉम्प्युटर शिकवणारे सर किंवा ऑफिसातला एखादा जाणता क्लार्क हेच 'सपोर्ट'. त्यांचं स्वतःचं काम वेगळं असतं. ते रजेवर गेले की सगळं खोळंबतं.

दुसरी अडचण तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांची. वर्गावर शिकवतात ते, पण नेमणूक दर वर्षी नवी. अशा वेळी लॉगिन उशिरा मिळालं की गुण दुसऱ्याच्या लॉगिनमधून भरले जातात. एकाचा पासवर्ड चौघांकडे गेला की चूक झाल्यावर जबाबदार कोण, हे सांगता येत नाही. बँकेचा ओटीपी कुणाला सांगू नका, असं आपण घरी म्हाताऱ्या माणसांना बजावतो. गुण भरायच्या लॉगिनला तोच नियम लागतो.

तिसरी गोष्ट, असलेल्या सोयी वापरण्याची. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्राची 'एन-लिस्ट' नावाची योजना आहे. वर्षाला काही हजार रुपये भरून पात्र कॉलेजातल्या प्राध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना हजारो नियतकालिकं आणि पुस्तकं घरबसल्या वाचता येतात. पुढं २५ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं सरकारी संस्थांसाठी 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये आणि सुमारे १३,००० नियतकालिकं. पण लॉगिन कसं घ्यायचं आणि कसं वापरायचं हे सांगणारं कुणी नसेल, तर अशी योजना कागदावर राहते.

कायद्यात जागा आहे, ती वापरायला हवी

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ मध्ये प्रत्येक विद्यापीठात माहिती तंत्रज्ञान मंडळ असावं अशी तरतूद आहे. म्हणजे ही मदत उपकार म्हणून द्यायची नाही, तो विद्यापीठाच्या कारभाराचाच भाग आहे. त्याच कायद्यात प्रत्येक संलग्न कॉलेजात महाविद्यालय विकास समिती सांगितली आहे. तिच्यात प्राध्यापक, शिक्षकेतर कर्मचारी आणि विद्यार्थी परिषदेसोबत शिक्षण, उद्योग, संशोधन आणि समाजसेवा या क्षेत्रांतले स्थानिक सदस्य असतात. त्यांतला किमान एक माजी विद्यार्थी हवा.

खेड तालुक्यासाठी ही जागा मोलाची आहे. चाकण पट्ट्यात उद्योगांची कमी नाही. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते आणि शिक्षण त्यात बसतं. आजवर या पैशातून शाळा-कॉलेजांना कॉम्प्युटर द्यायचे आणि फोटो काढायचा, अशी पद्धत पडली आहे. त्याऐवजी चार-पाच कॉलेजांत मिळून दोन पूर्णवेळ तंत्रज्ञ आणि गुण भरायच्या दिवसांत चालणारा मदत क्रमांक मागितला, तर खर्च फार नाही. कंपन्यांकडं ही माणसं तयार असतात. मागणी समितीच्या बैठकीत लेखी गेली पाहिजे.

विद्यापीठाच्या अधिसभेतही नोंदणीकृत पदवीधरांचे १० प्रतिनिधी निवडून जातात. गावातल्या पदवीधरांनी मतदार नोंदणी केली, तर मत मागायला येणाऱ्याला हा प्रश्न तोंडावर विचारता येईल.

विद्यार्थी आणि पालकांनी काय करावं

- डिजीलॉकरमध्ये आपलं क्रेडिट खातं उघडून दर सेमिस्टरनंतर पाहावं. नाव, जन्मतारीख आधारप्रमाणे आहे का, हे आधी तपासावं.
- अंतर्गत गुण कॉलेजात कळले की वहीत लिहून ठेवावेत. मार्कशीट आल्यावर जुळवून पाहावेत.
- गुण चुकले किंवा 'गैरहजर' आलं, तर कॉलेजात लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. तोंडी सांगून काम होईल या भरवशावर राहू नये.
- उत्तरपत्रिकेची प्रत मागायला मुदत असते, ती चुकवू नये. तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती अधिकारात पाहता येणारी माहिती आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं ९ ऑगस्ट २०११ ला दिला आहे.
- तरीही दाद लागली नाही, तर विद्यार्थी तक्रार निवारण कक्षाकडं जावं.

आणि एक काम पालकांचं. पुढच्या जूनमध्ये प्रवेश घेताना फी, बस आणि ड्रेस यांची चौकशी होईलच. सोबत एवढं विचारावं : 'गुण भरताना सरांना अडचण आली तर इथं मदतीला कोण आहे?' कॉलेजनं एखाद्या माणसाचं नाव सांगितलं तर चांगलंच. उत्तर नसेल, तर तोच विषय विकास समितीच्या पुढच्या बैठकीत लेखी मांडता येतो.