कारशेडची जागा आणि जमिनीचा हिशेब

उपनगरी लोहमार्गाची चर्चा आपण रूळ, स्थानके आणि गर्दी यांच्याच परिभाषेत करतो. परंतु गाडी चोवीस तास धावत नाही. रात्री ती कोठेतरी उभी करावी लागते. तिची चाके, ब्रेक, विजेची उपकरणे तपासावी लागतात. त्यासाठी कारशेड लागते आणि कारशेडला सपाट, सलग व मार्गालगतची जमीन लागते. मुंबईसारख्या शहरात ही जमीन कोणाकडून घ्यायची, हे केवळ अभियंत्यांवर सोपवून भागत नाही. त्याचे उत्तर मालमत्तेच्या संबंधांत दडलेले असते.

या दृष्टीने डिलाईल रोडकडे पाहणे उद्बोधक ठरेल. भारतीय कामगार चळवळीच्या आद्य संघटकांपैकी एक असलेल्या ना. म. जोशी यांचे नाव या रस्त्याला आहे. रस्त्यालगत पश्चिम रेल्वेची लोअर परळ कार्यशाळा आहे, बी.डी.डी.च्या ३२ चाळी येथेच उभ्या राहिल्या, आणि आसपास गिरण्यांच्या चिमण्या होत्या. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप चिरडला गेला, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि शहराच्या मध्यभागी सुमारे ६०० एकर जमीन मोकळी होण्याच्या वाटेवर आली.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने या जमिनीची वाटणी ढोबळमानाने तीन भागांत केली होती : एक भाग मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक सार्वजनिक गृहनिर्माणाला आणि एक मालकाला. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या समितीने १९९६ मध्ये या परिसराचा एकत्रित आराखडाही सुचविला. तो बासनात गेला. २००१ मध्ये नियम असा बदलण्यात आला की, वाटणी फक्त आधीपासून बांधकाम नसलेल्या जागेपुरतीच उरली. गिरणीची जागा बहुतांशी शेडनीच व्यापलेली असते. त्यामुळे जनतेच्या पदरात तुकडे पडले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल वैध ठरविला. त्याच सुमारास, २००५ साली, सरकारच्याच राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने लोअर परळची सुमारे १७ एकरांची मुंबई टेक्स्टाइल मिल एका खाजगी विकासकाला ७०२ कोटी रुपयांना विकली. ती जनतेच्या मालकीची जमीन होती.

यानंतर दहा वर्षेही लोटली नाहीत, तोच शासन भुयारी मेट्रो-३ च्या कारशेडसाठी जमीन शोधू लागले. कुलाबा ते सीप्झ अशा साडेतेहतीस किलोमीटरच्या या मार्गासाठी आरे येथील सुमारे ३३ हेक्टर, म्हणजे ८० एकरांच्या आसपास जमीन निवडण्यात आली. प्रजापूर पाड्यातील वारली कुटुंबांना झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींत हलविण्यात आले. ऑक्टोबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने याचिका फेटाळताच त्याच रात्री वृक्षतोड सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती मिळेपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती आणि २९ आंदोलकांना अटक झाली होती. २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गला नेण्याचा निर्णय झाला. केंद्राने त्या जमिनीवर मालकी सांगितली आणि उच्च न्यायालयाने काम थांबविले. २०२२ मध्ये सरकार बदलले आणि कारशेड पुन्हा आरेला आली. पुढच्याच वर्षी कांजूरमार्गची १५ हेक्टर जमीन मात्र मेट्रो-६ च्या कारशेडला देण्याचे ठरले! ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो-३ पूर्ण लांबीने धावत आहे.

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. कोणी म्हणेल की, गिरण्यांच्या जागा विखुरलेल्या होत्या, एकाही गिरणीकडे ८० एकर सलग नव्हते. हे खरे आहे. परंतु सलगता निर्माण करणे हेच तर नियोजनाचे काम असते. कोरिया समिती नेमण्यामागे जागांचा एकत्र विचार व्हावा हाच हेतू होता. शिवाय कारशेड अडवते ती जमिनीची पातळी, आकाश नव्हे. हाँगकाँगमध्ये कौलून बे येथील मेट्रो डेपोच्या छपरावर १९८० च्या सुमारास हजारो घरांची वसाहत उभी राहिली. गिरणगावात खाली गाड्या आणि वर गिरणी कामगारांची घरे ही कल्पना तंत्रज्ञानाच्या आवाक्याबाहेरची नव्हती. ती नफ्याच्या गणितात बसणारी नव्हती, एवढेच.

अर्थशास्त्रात जमिनीची खरी किंमत तिच्या त्यागलेल्या उपयोगावरून मोजतात. आरेची जमीन कागदावर ‘मोफत’ ठरली, कारण वारली कुटुंबाची परसबाग, शहराची सावली आणि पाणी मुरण्याची जागा कोणत्याही ताळेबंदात लिहिलेली नव्हती. लोअर परळची जमीन ‘महाग’ ठरली, कारण तिचा भाव बाजाराने आधीच मांडून ठेवला होता. ज्यांच्या जमिनीला भाव नाही त्यांनी विकासासाठी त्याग करायचा आणि ज्यांच्या जमिनीला भाव आहे त्यांना नियम बदलून द्यायचे, असा हा न्याय आहे.

हा इतिहास उगाळण्याचे कारण की, आता पाळी खुद्द रेल्वेच्या जमिनीची आहे. रेल्वेच्या जमिनींचा व्यापारी उपयोग करण्यासाठी कायद्यात दुरुस्ती करून रेल्वे भूमी विकास प्राधिकरण स्थापन झाले आहे. परळच्या मध्य रेल्वे कार्यशाळेच्या जागी टर्मिनस करण्याची योजना पुढे आली, तेव्हा कामगारांनी विरोध केला. टर्मिनस हा निदान सार्वजनिक उपयोग आहे. त्यावर कामगारांशी वाटाघाटी होऊ शकतात. परंतु डिलाईल रोडच्या कार्यशाळेवर उद्या मनोऱ्यांची छाया पडली, तर लोकल वाढविण्यासाठी लागणारे यार्ड परवा कोठे शोधणार? पुन्हा एखाद्या पाड्यावर, खाजणात किंवा मिठागरातच.

म्हणून आपली भूमिका स्पष्ट असावी. कारशेडला विरोध करणे कष्टकऱ्यांच्या हिताचे नाही. लोकलला लोंबकळत जाणारा तोच आहे. आपली मागणी अशी असली पाहिजे की, रेल्वे, बंदर, वस्त्रोद्योग महामंडळ आणि राज्य शासन यांच्या ताब्यातील मुंबईतील प्रत्येक एकराची नोंद जाहीर करावी. पुढील पन्नास वर्षांची वाहतूक आणि कामगारांची घरे यांची गरज भागेपर्यंत त्यातील एकही एकर विकू नये अथवा दीर्घ भाडेपट्ट्याने देऊ नये. कार्यशाळेचे भवितव्य तेथील कामगारांच्या संमतीवाचून ठरू नये.

गिरण्यांची जमीन गेली तेव्हा संपाने थकलेले गिरणगाव एकाकी पडले होते. रेल्वे कामगार आज संघटित आहे. त्याच्या पाठीशी रोज प्रवास करणारे लाखो लोक उभे करणे, हे डिलाईल रोडपासून सुरू करण्याजोगे काम आहे.