आळ मिठावर

पूर्वपक्ष आधी त्याच्याच तोंडून मांडतो, म्हणजे सोयीचं तेवढंच उचललं असा ठपका नको. तंजावरच्या मराठी घरांत, आणि त्या घरांतली मुलंबाळं नोकरीपायी चेन्नई-बंगळूरला गेली तिथेही, तो साधारण असा ऐकू येतो: "आजीच्या काळी घरात कल्लुप्पू असायचं, खडेमीठ. शुक्रवारी लक्ष्मी म्हणून विकत घ्यायचं, चिनीमातीच्या बरणीत भरायचं. तेव्हा थायरॉइडचं नाव तरी कुणाला ठाऊक होतं? सरकारनं आयोडीनचं मीठ गळ्यात मारलं आणि आता घरटी एक बाई सकाळी उपाशीपोटी गोळी घेते. रक्त तपासलं की अँटीबॉडी शेकड्यांनी. आणि आपण समुद्राकाठचे, आपल्याला आयोडीनची काय वाण? कंपन्यांचा धंदा आहे सगळा. इंदुप्पू आणा, सैंधव, आणि सुटा."

या बोलण्यात एक गोष्ट खरी आहे. तिच्याकडे सावकाश येतो. बाकीच्या आधी निकालात काढू.

समुद्राचं म्हणणं सर्वांत भरवशानं केलं जातं आणि सर्वांत लवकर कोसळतं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं आणि आयोडीन असतं साठेक मायक्रोग्रॅम. मिठागरात पाणी आटताना त्यातला कणही वाया गेला नाही असं धरलं, तरी ग्रॅमभर मिठात दोन मायक्रोग्रॅमसुद्धा भरत नाही. प्रत्यक्षात तेवढंही मिळत नाही, कारण मिठाचे खडे धरतात तेव्हा आयोडीन बहुतेक उरलेल्या कडू पाण्यातच राहतं. प्रौढ माणसाला रोज १५० मायक्रोग्रॅम लागतं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला २५०. दिवसाला दहा ग्रॅम साधं समुद्री मीठ खाल्लं तरी हाती वीसही लागायचे नाहीत. समुद्राचं आयोडीन माणसाला मिळतं ते मासळीतून. ज्या देशस्थ घरांत मासळी उंबऱ्याच्या आत येत नाही, त्यांना नागपट्टणमचा किनारा जवळ असून उपयोग काय? कावेरीच्या खोऱ्यात पिकलेला भातही इथे मदतीला येत नाही. मुळात तांदळात आयोडीन थोडं, आणि पावसापुरानं धुऊन निघालेल्या जमिनीतून ते आणखी कमी होतं.

सैंधवाचंही तेच. चरकानं लवणांमध्ये त्याला पहिला मान दिला हे खरं, पण तो पचनाच्या आणि दोषांच्या हिशेबानं. गळ्याच्या ग्रंथीला काय लागतं हा प्रश्न त्याच्यापुढे नव्हता. खाणीतल्या त्या गुलाबी खड्यात आयोडीन नावापुरतंच.

परंपरेची साक्ष काढायचीच, तर तंजावरात दुसरे सरफोजी असताना लांब कशाला जायचं? १७९८ ते १८३२ या त्यांच्या कारकिर्दीत धन्वंतरी महालात देशी औषधं ताडून पाहिली जात. डोळ्यांच्या रोग्यांची टिपणं ठेवली जात, सोबत रोगट डोळ्यांची रंगीत चित्रं काढून घेतली जात. सरस्वती महाल ग्रंथालयात ती आजही आहेत. काय दुखत होतं, काय दिलं, पुढे काय झालं, हे लिहून ठेवायचं, अशी ती परंपरा. "आजीला काही झालं नव्हतं" हे वाक्य त्या दप्तरात बसत नाही. आजीला काही झालं नव्हतं, की काही तपासलं नव्हतं? थायरॉइडविरुद्धच्या अँटीबॉडी माणसाच्या रक्तात पहिल्यांदा सापडल्या १९५६ साली, लंडनमध्ये, डेबोरा डोनियाक, आयव्हन रॉइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना. ज्या आजाराची ती खूण आहे त्याचं वर्णन जपानी शल्यवैद्य हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ सालीच करून ठेवलं होतं, म्हणजे जगात कुठेही मिठात आयोडीन घालायला लागण्यापूर्वी. अंग जड होणं, केस गळणं, आवाज घोगरा होणं, थंडी सोसवेनाशी होणं, याला आपल्याकडे "वय झालं" हे एकच निदान होतं आणि तपासणी नव्हतीच.

आता "गळ्यात मारलं" याबद्दल. २०१८-१९ मध्ये देशभर आयोडीनची पाहणी झाली. पुरेसं आयोडीन असलेलं मीठ देशात ७६.३ टक्के घरांत निघालं, तमिळनाडूत ६१.९ टक्के. राज्यांच्या यादीत हे राज्य तळाशी होतं. म्हणजे दहातल्या जवळजवळ चार घरांत हे मीठ पुरेशा मात्रेनं पोचलेलंच नाही. जे घरात आलंच नाही त्यानं आजार आणला, असं म्हणणारी घरं त्या चारांत किती असतील कोण जाणे.

ते पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. आरोग्यसेविकेकडे एक लहानशी कुपी असते, आत पिष्टाचं द्रावण. बशीत चमचाभर मीठ पसरून सपाट करायचं आणि वरून दोन थेंब टाकायचे. मिठात आयोडेट, म्हणजे आयोडीनचा क्षार, असेल तर पांढऱ्यावर जांभळट निळा डाग उमटतो. डाग फिका की गडद, ते सोबतच्या पुठ्ठ्यावरच्या रंगपट्टीशी ताडायचं. डाग उमटलाच नाही तर आधी दुसरं द्रावण टाकून पुन्हा पाहायचं, कारण मीठ अल्कधर्मी असलं तर पहिला थेंब फसवतो. पोत्यातलं खडेमीठ असं तपासण्यात खास अर्थ आहे. आयोडेटचं पाणी खड्यांच्या वरच्या अंगावर बसतं. दमट हवेत पोतं उघडं राहिलं, किंवा खडे धुऊन घेण्याची घरची रीत असली, तर पिशवीवर छापलेलं आयोडीन मोरीत जातं. अँटीबॉडीच्या तपासणीवर पैसे मोजणाऱ्या किती घरांनी हे दोन थेंब आपल्या बरणीवर टाकून पाहिले आहेत?

विरोधक देतात तो वेदारण्यमचा दाखला मात्र हळुवार हाताळावा लागतो, कारण तो या भूमीच्या अभिमानाचा आहे. १३ एप्रिल १९३० रोजी राजाजी शंभरेक सत्याग्रही घेऊन तिरुचिरापल्लीहून निघाले ते तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या वेदारण्यमला मीठ उचलायला. सत्याग्रहींना जो आसरा किंवा अन्न देईल त्याला शिक्षा, असा हुकूम कलेक्टर थॉर्न यांनी काढला. लोकांनी वाटेवरच्या झाडांना अन्नाची पुडकी बांधून ठेवली. त्या वाटेचे वारस म्हणवणारे आज विचारतात: तेव्हा सरकारनं मीठ अडवलं, आता सरकार मीठ लादतं, फरक काय? फरक असा, की १९३० चा लढा कराविरुद्ध आणि मक्तेदारीविरुद्ध होता, गरिबाच्या ताटातली गोष्ट महाग करण्याविरुद्ध. आयोडीनच्या तुटीची झळही आधी त्याच ताटाला लागते. गरोदर बाईच्या शरीरात आयोडीन फार कमी पडलं तर पोटातल्या मुलाच्या मेंदूची वाढ खुंटते, आणि ती नंतर कुठल्याही गोळीनं भरून निघत नाही. शिवाय कायदा विक्रीपुरता आहे. आपल्या वाफ्यातलं मीठ आपल्या घरी खाणाऱ्याला कुणी अडवत नाही.

कायद्याबद्दल विरोधकांच्या बाजूनंही एक गोष्ट सांगितली पाहिजे, ते स्वतः ती अर्धीच सांगतात. साध्या मिठावरची बंदी आधी १९९७ मध्ये आली, २००० साली उठली, २००५ मध्ये पुन्हा घातली गेली. २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं त्या नियमाचा पाया जुन्या अन्नभेसळ कायद्यात बसत नाही असं म्हटलं. हा ताशेरा सरकारनं वापरलेल्या अधिकारावर होता आणि तो योग्यच होता. पण आयोडीनचं मीठ आरोग्याला घातक आहे असा निष्कर्ष न्यायालयानं काढला नाही. हे दुसरं वाक्य भ्रमणध्वनीवरच्या निरोपांत गळालेलं असतं.

आता ती खरी गोष्ट. आयोडीन वाढलं की थायरॉइडविरुद्धच्या अँटीबॉडी वाढतात. लपवण्यात अर्थ नाही. आयोडीनच्या मिठाची बाजू घेणारे डॉक्टर हे पुटपुटत सांगतात आणि तिथेच त्यांचा पक्ष लंगडा होतो. तंजावरच्या किनाऱ्यासमोरच्या श्रीलंकेत १९९० च्या दशकात मिठात आयोडीन आलं. काही वर्षांनी शाळकरी मुलींचं रक्त तपासलं तेव्हा थायरोग्लोब्युलिन या प्रथिनाविरुद्धच्या अँटीबॉडी डोळ्यांवर येण्याइतक्या जास्त निघाल्या. डेन्मार्कनं १९९८ साली ऐच्छिक आणि २००० साली सक्तीनं मिठात आयोडीन घातलं. टीपीओ (थायरॉइड पेरॉक्सिडेज) या विकराविरुद्धच्या अँटीबॉडी सापडण्याचं प्रमाण १४.३ टक्क्यांवरून २३.८ टक्क्यांवर गेलं. कारणही समजण्यासारखं आहे. ग्रंथीतल्या त्या प्रथिनाला आयोडीन जास्त जडलं की शरीराच्या पहारेकऱ्यांना ते परकं वाटू लागतं, ज्यांच्या रक्तात तशी आनुवंशिक ओढ आहे त्यांच्यात विशेषच. आणि बायकांमध्ये ती ओढ पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त.

एवढं कबूल केल्यावर विरोधकाला वाटतं, जिंकलो. पण त्याच श्रीलंकेत तीन वर्षांनी पुन्हा पाहणी झाली तेव्हा ते प्रमाण बरंच उतरलं होतं. डेन्मार्कमधली वाढ मुख्यतः हलक्या पातळीच्या अँटीबॉडींची होती. चीनमध्ये तीन ठिकाणच्या लोकांवर पाच वर्षं लक्ष ठेवलं गेलं: एका ठिकाणी लघवीतलं आयोडीन लिटरला ८४ मायक्रोग्रॅम, दुसरीकडे २४३, तिसरीकडे ६५१. थायरॉइडच्या दाहाचा आजार पुढच्या दोन ठिकाणी वाढला. म्हणजे प्रश्न मात्रेचा होता. १०० ते १९९ हे पुरेसं मानतात; २०१८-१९ च्या पाहणीत भारताचा मधला आकडा १७३.४ होता. आपण त्या चिनी दोन ठिकाणांच्या अलीकडे आहोत. खाली घसरायचं नाही आणि वरही चढायचं नाही, असं हे ठिकाण आहे. मीठ सोडा म्हणणारे पहिल्या बाजूला ढकलतात. समुद्री शेवाळाच्या गोळ्या नाहीतर आयोडीनचे थेंब "थायरॉइडला चांगले" म्हणून विकणारे दुसऱ्या बाजूला. आणि गंमत म्हणजे सैंधव आणि हे थेंब पुष्कळदा एकाच दुकानात, एकाच फळीवर असतात.

दुसरा गोंधळ कागदावरच्या आकड्याचा. अँटीबॉडी सापडणं म्हणजे आजार नव्हे. भारतातल्या आठ शहरांच्या, चेन्नई आणि मुंबई धरून, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत २१.८५ टक्के प्रौढांत टीपीओ अँटीबॉडी निघाल्या. थायरॉइड मंदावलेले होते १०.९५ टक्के. पाचात एकाच्या रक्तात ही खूण आहे, पण पाचात एक आजारी नाही. इंग्लंडमधल्या व्हिकम गावी वीस वर्षं माणसांचा पाठपुरावा झाला: अँटीबॉडी आहेत पण टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) ठीक आहे, अशा बायकांपैकी वर्षाला शंभरात दोघींचा थायरॉइड मंदावला. टीएसएचही चढलेलं असेल तर चौघींहून थोडं जास्त. वर्षातून एकदा टीएसएच पाहावं, एवढाच याचा अर्थ. रात्रीची झोप घालवावी असा नाही.

गरोदरपणात या अँटीबॉडींना वजन आहे, हे मान्यच. गर्भपाताचा आणि बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडण्याचा धोका त्यांच्यासोबत वाढलेला दिसतो. पण तिथेही घाईला आधार नाही. ब्रिटनमध्ये ९५२ बायकांवर प्रयोग झाला, गर्भपात किंवा वंध्यत्वाचा इतिहास असलेल्या, अँटीबॉडी असूनही टीएसएच ठीक असलेल्या. निम्म्यांना थायरॉइडची गोळी लेव्होथायरॉक्सिन दिली, निम्म्यांना औषध नसलेली गोळी. २०१९ साली निकाल आला: बाळ हाती लागण्याचं प्रमाण ३७.४ आणि ३७.९ टक्के. आकड्यावर गोळी लिहून देणारी चिठ्ठी आणि आकड्यावर मीठ बंद करणारा सल्ला, दोन्ही एकाच भीतीवर पोसतात.

मग करायचं काय? नियम असा आहे की कारखान्यातून निघताना मिठात ग्रॅममागे किमान ३० मायक्रोग्रॅम आयोडीन हवं आणि ग्राहकाच्या हाती किमान १५. पंधरा गुणिले दहा, दीडशे. हिशेब दहा ग्रॅम मिठावर बांधलेला आहे. आता रक्तदाबाचा डॉक्टर सांगतो पाच ग्रॅमवर या, आणि तो बरोबर सांगतो. पण मग आयोडीनही निम्मं होतं. मीठ कमी करायचं तर मिठातलं प्रमाण वाढवून हिशेब पुन्हा मांडायला हवा, आणि तो मांडायला लघवीतल्या आयोडीनची मोजणी दर काही वर्षांनी, राज्यनिहाय, गरोदर बायकांची वेगळी, व्हायला हवी. हाशिमोतोच्या रोग्यांनीही घरातलं मीठ बदलायचं कारण नाही. सोडायचे ते शेवाळाचे आणि आयोडीनचे "पूरक" डोस.

राहिला कंपन्यांचा मुद्दा. तो पोकळ नाही. आयोडेट स्वस्त असतं, पण ते फवारायचं यंत्र, तपासणी आणि बंद पाकीट यांचा खर्च चार वाफ्यांच्या मालकाला पेलत नाही, बड्या नावाला पेलतो. पण याच राज्यात सरकारी तमिळनाडू मीठ महामंडळ आहे, रामनाथपुरम जिल्ह्यात त्याची मिठागरं आहेत, आयोडीन आणि लोह दोन्ही घातलेलं मीठ ते बनवतं, २०१४ पासून त्याचं स्वस्त मीठ बाजारातही आलं. सरकारला मीठ बनवता येतं तर वेदारण्यमच्या उप्पळांत, म्हणजे मिठागरांत, छोट्या मालकांसाठी सामाईक फवारणी का बसवता येऊ नये? झाडांना पुडकी बांधणाऱ्यांच्या नातवंडांनी मागायचं तर हे यंत्र मागावं, आणि सोबत पाकिटावर आयोडीनचं प्रमाण आणि भरल्याची तारीख ठळक छापून मागावी, तमिळमध्ये.