संगणक बंद करताना घाई नको

दुकान वाढविण्याची वेळ होते, संगणकाला बंद होण्याची आज्ञा दिली जाते आणि पडद्यावर सूचना येते की, एक प्रोग्राम अद्याप बंद झालेला नाही. विंडोज प्रणाली अशा अडलेल्या प्रोग्रामच्या प्रतिसादाची साधारणतः ५ सेकंद वाट पाहते आणि मग ‘तरीही बंद करा’ की ‘रद्द करा’, हा निर्णय मालकावर सोपविते.

रजिस्ट्रीत, चालू वापरकर्त्याच्या ‘कंट्रोल पॅनल’ विभागातील ‘डेस्कटॉप’खाली, ‘ऑटोएंडटास्क्स’ या नोंदीचे मूल्य १ केल्यास ही विचारणा होत नाही. अडलेले प्रोग्राम संगणक स्वतःच संपवितो. सोय खरी, परंतु जतन न केलेले कामही त्याबरोबर नाहीसे होते. दिवसअखेरच्या चार पावत्या अशा गेल्या, तर रोजमेळ जुळणार कसा?

म्हणून हिशेबाच्या संगणकावर हे मूल्य शून्यच असावे. सूचना आल्यास प्रथम ‘रद्द करा’ निवडावे, नोंदी जतन कराव्यात, प्रोग्राम बंद करावा आणि मगच संगणक. रजिस्ट्रीत कोणताही बदल करण्यापूर्वी तिची प्रत राखून ठेवावी.

रोकड मोजल्यावाचून गल्ल्याला कुलूप न लावणाऱ्या पेढीने संगणकालाही तोच नियम लावावा.