ना-हरकतीच्या कागदापलीकडे

नागपूरहून सिवनीमार्गे जबलपूरला जाणारा रस्ता तिलवारा येथे नर्मदा ओलांडतो. याच घाटावर १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थींचे विसर्जन झाले होते. आज शहराच्या या टोकाला शाळा आणि महाविद्यालये उभी आहेत. शहरात १९५६ मध्ये स्थापन झालेले आणि आता राणी दुर्गावतींच्या नावाने ओळखले जाणारे विद्यापीठ आहे, शिक्षकांना घडविणारे प्रांतीय शिक्षण महाविद्यालयही आहे. शाळा, प्रशिक्षण आणि संशोधन या तिन्ही गोष्टी इतक्या जवळ असलेल्या गावात एक साधा प्रश्न विचारायला हवा : येथील एखाद्या शाळेच्या प्राचार्याला नोकरी न सोडता ‘शाळा कशी चालवावी’ याच विषयात डॉक्टरेट करायची असेल, तर ते खरोखर शक्य आहे काय?

कागदावर याचे उत्तर होकारार्थी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये अधिसूचित केलेल्या नियमावलीने अर्धवेळ पीएच.डी.ला स्पष्ट मान्यता दिली. त्यासाठी नोकरदार उमेदवाराने आपल्या संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र सादर करायचे असते. त्यात संस्थेने तीन गोष्टी लिहून द्याव्यात, अशी अपेक्षा आहे : उमेदवाराला अर्धवेळ संशोधनाची परवानगी आहे, त्याच्या कामाचे स्वरूप संशोधनाला पुरेसा वेळ देणारे आहे, आणि गरज पडल्यास अभ्यासक्रम पूर्ण करण्यासाठी त्याला कामातून मोकळे केले जाईल. अभ्यासक्रम किमान १२ श्रेयांकांचा आहे. एका श्रेयांकाला १५ तासांचे अध्यापन धरले तरी हे १८० तास होतात, म्हणजे रोज सहा तासांचे पूर्ण ३० दिवस. त्यानंतरचे वाचन, माहिती-संकलन आणि लेखन वेगळेच. किमान मुदत तीन वर्षांची, कमाल सहा वर्षांची. पुनर्नोंदणी करून ती आणखी दोन वर्षे वाढविता येते आणि महिला व दिव्यांग उमेदवारांना त्याहून अधिक सवलत मिळते.

नियम चांगला आहे, परंतु तो पाळला जातो की नाही, हे पाहण्याची जबाबदारी कोणावरच नाही. संस्था प्रमाणपत्रावर सही करते आणि तिचे काम तिथेच संपते. दुसऱ्या दिवसापासून त्याच प्राचार्याकडे प्रवेश, परीक्षा, मध्यान्ह भोजनाचा हिशेब, ‘यूडायस’ची माहिती, निवडणुकीचे काम आणि वरून येणारा प्रत्येक नवा आदेश पूर्वीसारखाच येत राहतो. ‘पुरेसा वेळ’ म्हणजे आठवड्यातून किती तास, हे कोठेही लिहिलेले नाही. सरकारी सेवेत अभ्यासरजेची सोय आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांना पाच वर्षांच्या सेवेनंतर, संपूर्ण सेवाकाळात साधारण २४ महिन्यांपर्यंत ती मिळू शकते. मात्र ती काम बाजूला ठेवून शिकणाऱ्यासाठी आहे. अतिथी शिक्षक किंवा खासगी शाळेची मुख्याध्यापिका तर त्या सोयीच्या बाहेरच. व्यवस्थापन बदलले की दिलेला शब्दही बदलतो. मग संशोधन रात्री अकरानंतर होते आणि घरातील कोणीतरी, बहुतेकदा घरातील स्त्री, त्याची किंमत मोजते. संशोधक स्वतः स्त्री असेल तर ती दुप्पट मोजते.

वेळ न देता पदवीची अपेक्षा ठेवली की आडवाटा तयार होतात. परदेशी संस्थांशी हातमिळवणी करून काही तंत्रशिक्षण कंपन्या ‘ऑनलाइन पीएच.डी.’ विकू लागल्या, तेव्हा ऑक्टोबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोग आणि तंत्रशिक्षण परिषदेला अशा पदव्या मान्य नसल्याची जाहीर सूचना काढावी लागली. जानेवारी २०२५ मध्ये राजस्थानातील तीन खासगी विद्यापीठांना पुढील पाच शैक्षणिक वर्षे पीएच.डी.चे प्रवेश देण्यास आयोगाने मनाई केली. ही कारवाई योग्यच होती. तरीही एक गोष्ट विसरता येणार नाही. सरळ मार्गावर वेळ मिळत नाही म्हणूनच आडवाटेला गिऱ्हाईक मिळते.

शाळेच्या प्रमुखाला डॉक्टरेट हवीच कशाला, असे कोणी विचारील. हा आक्षेप अगदी निराधार नाही. पदवीमुळे कोणी चांगला प्राचार्य होत नाही. पण आपली व्यवस्था किती विसंगत आहे, ते पाहा. बी.एड. महाविद्यालयाच्या प्राचार्यासाठी राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचे २०१४ चे निकष पीएच.डी. मागतात, शेकडो मुलांची शाळा चालविणाऱ्याला मात्र बहुतेक ठिकाणी ज्येष्ठतेच्या यादीतून खुर्चीवर बसविले जाते आणि नेतृत्वाचे शिक्षण चुकांमधून घ्यायला सोडून दिले जाते. केनेथ लीथवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन म्हटले होते की, शाळेतील घटकांपैकी मुलांच्या शिकण्यावर वर्गातील अध्यापनाखालोखाल प्रभाव पडतो तो नेतृत्वाचा. आपल्याकडेही २०१२ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन आणि प्रशासन संस्थेत शालेय नेतृत्वाचे राष्ट्रीय केंद्र सुरू झाले. म्हणजे प्रश्नाचे महत्त्व सरकारला मान्य आहे. त्यासाठी वेळ देणे तेवढे मान्य नाही.

काम करता करता डॉक्टरेट, ही कल्पना जगाला नवी नाही. ब्रिटनमध्ये ब्रिस्टल विद्यापीठाने १९९२ मध्ये शिक्षण क्षेत्रात काम करणाऱ्यांसाठी वेगळी डॉक्टरेट सुरू केली. पण तेथूनही एक इशारा घ्यावा लागेल. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजचे तत्कालीन अध्यक्ष आर्थर लेव्हिन यांनी २००५ मध्ये अमेरिकेतील अशा अभ्यासक्रमांवर कठोर अहवाल लिहिला. अनेक ठिकाणी पदवी वेतनवाढीची शिडी झाली आणि शाळेला तिचा उपयोग उरला नाही, हा त्यांचा आक्षेप होता. नक्कल करायची तर या इशाऱ्यासकट करावी.

त्यापेक्षा आपल्याच परंपरेकडे पाहणे बरे. जे. पी. नाईक यांनी १९४८ मध्ये स्थापन केलेली भारतीय शिक्षण संस्था १९७६ मध्ये पुण्यात आली. तिच्या वतीने चित्रा नाईक यांनी पुणे जिल्ह्यातील गावांत शाळेबाहेर राहिलेल्या, दिवसा राबणाऱ्या मुलांसाठी संध्याकाळचे वर्ग चालविले आणि त्याच कामातून संशोधन उभे केले. तेथे प्रश्न गावातून आला आणि उत्तरही गावालाच परत मिळाले. अर्धवेळ डॉक्टरेटची कसोटी हीच असावी. आठवीनंतर मुली शाळा का सोडतात, मजुरीसाठी कुटुंबे बाहेर पडली की हजेरीपटाचे काय होते, नवा शिक्षक पहिल्या वर्षी कोठे अडतो, या प्रश्नांची माहिती प्राचार्याच्या कपाटात असते. बाहेरच्या संशोधकाला ती गोळा करायला वर्ष लागेल.

यात एक अडचण आहे आणि ती झाकून चालणार नाही. ज्याच्या हाती गोपनीय अहवाल आहे, त्यालाच शिक्षक मुलाखतीत खरे सांगतील काय? स्वतःच्या शाळेवर संशोधन करणारा प्रमुख एकाच वेळी न्यायाधीश आणि पक्षकार होतो. त्यावर उपाय आहे. दोन शेजारच्या शाळांच्या प्रमुखांनी मुलाखती एकमेकांच्या शाळेत घ्याव्यात आणि विद्यापीठाच्या नैतिकता समितीने तशी अट घालावी. मार्गदर्शकानेही वर्षातून निदान दोनदा शाळा पाहावी.

उरतात तीन सुधारणा आणि त्यांना फार पैसा लागत नाही. ना-हरकत प्रमाणपत्रात ‘पुरेसा वेळ’ या शब्दांऐवजी आठवड्यातील निश्चित दिवस लिहावा आणि दर सहामाही प्रगती अहवालासोबत तो दिवस मिळाला की नाही, याची नोंद विद्यापीठाने मागावी. अभ्यासक्रमाचे १८० तास उन्हाळी सुट्टीत ठेवावेत. नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शिक्षकांसाठी आणि शाळाप्रमुखांसाठी सांगितलेले वर्षाचे ५० तासांचे प्रशिक्षण त्यात जमेस धरता येईल. आणि प्रबंध सादर करताना त्याचा मराठी, हिंदी किंवा स्थानिक भाषेतील दहा पानी सारांश शाळेच्या व्यवस्थापन समितीपुढे वाचणे सक्तीचे करावे.

तिलवाऱ्याच्या पुलाच्या या आणि त्या तीरावर, जबलपुरात आणि नागपुरात, नावामागे ‘डॉ.’ लावणारे उद्या आणखी वाढतील. त्या उपाधीमुळे एखाद्या शाळेचा एकही प्रश्न सुटणार नसेल, तर एका शिक्षकाच्या आयुष्यातील सहा वर्षांच्या रात्री आपण एका कागदासाठी खर्ची घातल्या, असेच म्हणावे लागेल. सही करणाऱ्या संस्थेने वेळही दिला, तरच ती ना-हरकत खरी.