मोत्याचें ताट

कुत्र्याच्या अन्नाचा विचार आमच्या लहानपणीं फारसा कोणी करीत नसे. जेवणें झाल्यावर पातेल्यांत काय उरलें, एवढाच तो विचार. वैश्वदेवाच्या वेळीं भूमीवर ठेवावयाच्या बलींत श्वानाचा भाग स्मृतिकारांनीं सांगून ठेवला आहे खरा, पण तो दारच्या कुत्र्याचा. आतां तें दारचें कुत्रें घरांत आलें, त्याला नांव मिळालें, आणि त्याच्या ताटाचा प्रश्नही घरांत आला. बाजारांत मिळणारें तयार अन्न चांगलें कीं वाईट, आणि चांगलें तें ओळखावें कसें, असें कांहीं वाचकभगिनींनीं विचारलें आहे. उत्तर देण्यापूर्वीं आमची स्वतःची चूक सांगणें भाग आहे.

दहिसरास आमच्या घरीं तीन पिढ्यांचीं अकरा माणसें आहेत, आणि मोत्या. धाकट्या पुतण्यानें चार वर्षांपूर्वीं पावसांत भिजणारें तें पिल्लूं उचलून आणलें. कुत्र्यानें कोरडी भाकरी पळविली तेव्हां नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागें धांवले, ही गोष्ट आम्हीं वर्गांत कितीदां सांगितली असेल त्याची गणती नाहीं. तेव्हां मोत्याच्या पोळीला तूप आम्हीच लावीत असूं आणि त्यांत पुण्यही मानीत असूं. शिवाय वरणभात, सायीचें दूध, आणि प्रत्येकाच्या ताटांतला एकेक घास. अकरा माणसांचे अकरा घास होतात, हें गणिताच्या मास्तराच्याही ध्यानांत आलें नाहीं.

गेल्या श्रावणांत सत्यनारायणाच्या दिवशीं बेदाणे घातलेला शिरा आम्हीं त्यास द्रोणभर वाढला. रात्रीं वांत्या सुरू झाल्या. सकाळीं तो उठेना. पशुवैद्यांनीं तीन दिवस शिरेंतून सलाईन दिलें. त्या तीन दिवसांत घरांत कोणास धड जेवण गेलें नाहीं. आमच्याशीं कोणी कांहीं बोललें नाहीं, आणि तेंच अधिक लागलें. द्राक्षें व बेदाणे यांनीं कुत्र्याचीं मूत्रपिंडें निकामी होऊं शकतात; कोणत्या कुत्र्यास किती बाधतील याचा नेम नाहीं. कांदा-लसणानें त्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात. चॉकोलेट, तसेंच साखरेऐवजीं वापरतात तें झायलिटॉल, हींही विषेंच. हें सर्व आम्हांस साठी उलटल्यावर कळलें. मोत्या वांचला. मग वैद्यांनीं त्यास काट्यावर ठेवलें. असावयास हवें १६ किलो, भरलें २२. ते एवढेंच म्हणाले, “मास्तर, प्रेम करा, पण मोजून वाढा.”

पुतण्यानें दुसऱ्याच दिवशीं तयार अन्नाची पिशवी आणली. तीवर कोंबडीचें चित्र! आमच्या सोवळ्याच्या घरांत ही पिशवी कशी चालावी, म्हणून आम्ही ती परत पाठविण्यास निघालों. तेव्हां स्वयंपाकघराचा सर्व अधिकार जिच्याकडे, त्या आमच्या वहिनी बाहेर आल्या व म्हणाल्या, “भाऊजी, व्रत आपण घेतलें आहे, मोत्यानें नव्हे. पिशवी सज्जांत राहील, भांडें वेगळें राहील. पण तिच्यावर काय लिहिलें आहे तें आधीं वाचा. सगळें गांव तुम्ही वाचावयास शिकविलेंत ना?” आम्हीं चष्मा पुसला आणि वाचावयास बसलों. जें कळलें तें येथें देत आहों.

पहिली गोष्ट, पिशवीचें तोंड पाहूं नये, पाठ पाहावी. पुढें चित्र असतें. मागें घटक व प्रमाणें असतात. तेथें अन्न ‘पूर्ण व समतोल’ आहे असें लिहिलेलें असावें, आणि तें पिल्लासाठीं कीं प्रौढ कुत्र्यासाठीं, हेंही असावें. तसें नसेल तर तें तोंडीं लावणें समजावें, जेवण नव्हे. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोचा ११९६८ क्रमांकाचा मानक कुत्र्या-मांजरांच्या अन्नाकरितां आहे. अमेरिकेंत प्रचलित असलेल्या मानाप्रमाणें, ओलावा वजा जातां प्रौढ कुत्र्यास प्रथिनें शेंकडा १८ व स्निग्धांश शेंकडा ५.५ तरी हवेत. वाढत्या पिल्लास शेंकडा २२.५ व ८.५.

‘ओलावा वजा जातां’ या शब्दांतच गोम आहे. समजा, कोरड्या दाण्यांत प्रथिनें शेंकडा २० व ओलावा १०. डब्यांतील ओल्या अन्नांत प्रथिनें ८ व ओलावा ८०. पाहणारा म्हणेल कीं दाणे सरस. पण दाण्यांत ९० भाग कोरड्यांत २०, म्हणजे शेंकडा २२ पडतात. डब्यांत २० भाग कोरड्यांत ८, म्हणजे शेंकडा ४०! घटकांची यादीही वजनाच्या उतरत्या क्रमानें असते. ताज्या मांसांत पाणीच फार, म्हणून तें यादींत पहिलें आलें तरी तेवढ्यानें भुलूं नये.

किती वाढावें याचेंही सूत्र आहे. वजनाचें वर्गमूळ घ्यावें, त्याचें पुन्हां वर्गमूळ घ्यावें, दोहोंचा गुणाकार करून ७० नें गुणावें. १६ चें वर्गमूळ ४, चाराचें २, गुणाकार ८, त्यास ७० नें गुणिलें कीं ५६०. इतके उष्मांक १६ किलोच्या कुत्र्यास नुसत्या विसाव्यास लागतात. खच्चीकरण केलेल्या सामान्य प्रौढ कुत्र्यास याच्या सुमारें १.६ पट, म्हणजे ९०० च्या आसपास. मोत्याचें वजन उतरवावयाचें म्हणून वैद्यांनीं ५६० च ठरविले. आमच्या पिशवींत १०० ग्रॅमास ३५० उष्मांक आहेत. तेव्हां दिवसाला १६० ग्रॅम दाणे, दोन वेळां विभागून. एक चमचा तूप, म्हणजे ५ ग्रॅम, ४५ उष्मांकांचें होतें. वरखाऊ सर्व मिळून दिवसाच्या दहाव्या हिश्श्यावर जाऊं देऊं नये.

शाकाहारी घरांना पडणारा प्रश्न उरतोच. मांजर मांसावांचून नीट जगत नाहीं. तिला लागणारीं कांहीं द्रव्यें तिचें शरीर पुरेशीं तयार करीत नाहीं. कुत्र्याचें तसें नाहीं. लांडग्यांशीं तुलना करून २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत असें दिसलें कीं, माणसाच्या सहवासांत कुत्र्यानें पिष्ट पचविण्याची शक्ति पुष्कळ वाढविली. म्हणून नीट जुळविलेलें शाकाहारी तयार अन्न त्यास चालूं शकतें. मात्र तें ‘पूर्ण’ असावें आणि वैद्यास विचारून द्यावें. नुसता वरणभात व पोळी हें पूर्ण अन्न नव्हे. तसेंच ‘धान्यविरहित’ या शब्दानेंही हुरळून जाऊं नये. वाटाणे, मसूर, बटाटे घातलेल्या अशा अन्नाचा हृदयाच्या स्नायूच्या विकाराशीं कांहीं संबंध आहे काय, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध खात्यानें २०१८ सालीं आरंभिली. संबंध सिद्ध झालेला नाहीं. पण धान्य तेवढें वाईट, हेंही कोणी सिद्ध केलेलें नाहीं.

महाग किंवा परदेशी म्हणजे निर्धोक असेंही समजूं नये. २००७ सालीं अमेरिकेंत चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्यें मेलॅमीन निघालें आणि पुष्कळ कुत्रीं-मांजरें मूत्रपिंडाच्या विकारानें दगावलीं. प्रथिनें मोजतांना नायट्रोजन मोजतात. मेलॅमीनमध्यें तो भरपूर असतो, म्हणून भेसळ करणाऱ्यानें तें मिसळलें. २०२० च्या अखेरीस तेथेंच बुरशीच्या अफ्लाटॉक्सिन नांवाच्या विषानें कुत्रीं मेलीं. आपल्या दहिसरच्या दमट पावसाळ्यांत हें विशेष ध्यानांत धरावें. सुटे दाणे घेऊं नयेत. तारीख पाहून लहान पिशवी घ्यावी, तोंड घट्ट बांधून कोरड्या जागीं ठेवावी, आणि कुबट वास आल्यास पैशाचा विचार न करितां फेंकून द्यावी. नवें अन्न एकदम बदलूं नये. आठवडाभर जुन्यांत थोडें थोडें मिसळून वाढवीत जावें. आजारी कुत्र्याचें पथ्य तर वैद्यानेंच ठरवावें. परळचें पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ सालचें आहे. या शहरांत जाणत्यांचा तोटा नाहीं.

मोत्या आतां साडेसतरा किलोंवर आला आहे व जिना न धापतां चढतो. वहिनी सकाळीं देवपूजेपूर्वीं सज्जांत जाऊन, काट्यावर दाणे मोजून, त्याचें भांडें भरतात आणि मग स्नानास जातात. प्रसादाच्या दिवशीं त्याच्यासाठीं शिऱ्याऐवजीं उकडलेल्या गाजराचे दोन तुकडे निघतात. नामदेवांची गोष्ट आम्ही नातवंडांना अजून सांगतों. परवां धाकटीनें मध्येंच विचारलें, “आजोबा, वाटींत तूप किती ग्रॅम होतें?” आम्हीं उत्तर दिलें नाहीं, पण प्रश्न योग्य होता.