गीतेतले रण कुठले?

गीतेतले युद्ध म्हणजे माणसाच्या मनात सतत चाललेली झुंज, असे गांधीजी मानत. ‘अनासक्तियोग’ या आपल्या गुजराती अनुवादाच्या प्रस्तावनेत त्यांनी ते स्पष्टच मांडले आहे. त्यावरचा ठरलेला आक्षेप असा की, ही पळवाट आहे; अहिंसेच्या आड येणारी लढाई रूपक म्हणून बाजूला सारली. या आक्षेपाला बळ देणारी कसोटी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त आहे. ग्रंथाचे तात्पर्य काढायचे तर आरंभ आणि शेवट पाहावा, हा मीमांसकांचा जुना नियम टिळकांनी तिथे लावला. आरंभी अर्जुन धनुष्य टाकून बसतो, शेवटी सांगाल ते करतो म्हणून उभा राहतो. हा मुद्दा खोडून काढणे सोपे नाही, आणि मला तो खोडायचाही नाही.

पण मग तिसऱ्या अध्यायाच्या शेवटाचे काय करायचे? अर्जुन विचारतो, इच्छा नसतानाही माणूस पाप का करतो? उत्तरात कौरवांचे नावही नाही. काम आणि क्रोध हा वैरी. इंद्रिये, मन आणि बुद्धी ही त्याची ठाणी. आणि अध्याय संपताना मारायला सांगितले आहे ते यालाच. म्हणजे आतल्या रणाची कल्पना गांधीजींनी बाहेरून आणून चिकटवलेली नाही, ती वाट ग्रंथातच आहे. बिघडते ते पुढे, भीष्म म्हणजे अमुक वृत्ती, द्रोण म्हणजे तमुक, अशी कोष्टके मांडायला घेतली की. ज्या आजोबांवर बाण कसा सोडू म्हणून अर्जुनाच्या हातून गांडीव गळते, ते आजोबाच कोष्टकात नाहीसे होतात. एखादी वाईट वृत्ती मारायला कोण इतका रडेल?

प्रतीक मानले की कुणीही काहीही अर्थ काढेल, ही भीती मात्र खरी आहे. (अक्षरार्थाला धरून चालणाऱ्यांचेही कुठे एकमत आहे? शंकराचार्यांना संन्यास दिसला, टिळकांना कर्मयोग.) गीतेच्या शब्दांप्रमाणे फलत्याग आणि युद्ध एकत्र नांदू शकतात, हे गांधीजी मान्य करतात. मग सांगतात की, चाळीस वर्षे गीता आचरून पाहिल्यावर पूर्ण अहिंसेवाचून तो त्याग अशक्य वाटला. पंडितांना हा पुरावा चालणार नाही. मला चालतो, कारण अर्थ चुकला तर किंमत वाचणाराच मोजतो. आणि आत पाहणारा बाहेरच्या अन्यायाकडे पाठ फिरवतो म्हणावे, तर ‘अनासक्तियोग’ प्रसिद्ध झाला १२ मार्च १९३० रोजी. त्याच सकाळी लेखक साबरमतीहून दांडीला निघाला होता.